झुम्राच्या हातची कॉफी

१

रासिम चाउशेविचला त्याच्या बायकोनं कॉफीतून विष घातलं, हे त्राव्निकच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या इन्स्पेक्टर विंको बारिशिचला, आणि तपास नेमका त्याच्याच गळ्यात पडला होता.

"अजून विचार कसला करताय, साहेब?" हिल्मो उस्तादानं त्याच्या गालांवर साबणाचा फेस चढवत विचारलं. "बायरामची सकाळ. माणूस ईदची नमाज पढून मशिदीतून घरी येतो. बायको कॉफी पुढे करते. हा एक घोट घेतो, 'काय घातलंस यात?' म्हणून ओरडतो आणि आडवा होतो. मेलेल्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आता आणखी काय पाहिजे, वर मुफ्तीची सही?"

बाकावर नंबर लावून बसलेली मंडळी खो खो हसली. हिल्मोच्या दुकानात दाढी व्हायची ती निमित्तापुरती. माणसं यायची ती बातम्यांसाठी.

"आणि उंदराचं औषध!" हिल्मो वस्तरा परजत म्हणाला. "समोरच्या दुकानातून तिनं घेतलं ते या डोळ्यांनी पाहिलंय मी. तेव्हाच मनात पाल चुकचुकली."

"तेव्हा का नाही बोललास मग?" विंकोनं विचारलं.

"तेव्हा उंदरासाठी वाटलं होतं."

पुन्हा हशा. विंको हसला नाही. बायको गेल्यापासून तो दर आठवड्याला याच खुर्चीत बसत आला होता आणि हिल्मोच्या जिभेवर त्यानं कधीच भरवसा ठेवला नव्हता. हाताची गोष्ट वेगळी. हिल्मोच्या हाताखाली आख्खं गाव डोळे मिटून मान टाकायचं. दाढी झाली, लिंबाचं अत्तरपाणी थापून झालं, मग नेहमीप्रमाणे उस्तादानं एक पंजा हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे लावला. कट्, उजवीकडे. कट्, डावीकडे.

"घ्या. डोकं मोकळं करून दिलं. आता चालवायचं काम तुमचं."

विंको कचेरीत पोचला तेव्हा टेबलावर सारायेवोहून आलेला अहवाल पडला होता. पोटात विष नाही. कपात नाही. कॉफीच्या भांड्यात, म्हणजे जेझ्वेतही नाही. त्यानं तो सरकारी वकिलाला फोनवर वाचून दाखवला.

"म्हणजे बाई हुशार निघाली," वकील म्हणाला. "न सापडणारं काहीतरी घातलंय. कबुली काढा तिच्याकडून. आणि लवकर काढा. रासिमचा भाऊ रोज माझ्या दारात येऊन बसतोय, मयत कधी देता म्हणून. आज दुपारी इस्पितळातून गाडी निघतेय. एकदा दफन झालं की मी काही ती कबर पुन्हा उकरू देणार नाही."

विंकोनं फोन ठेवला. विष नाही, जखम नाही, आणि चव्वेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस एका घोटात गेला. या तिन्ही गोष्टी एका ओळीत बसत नव्हत्या.

२

कोठडीत झुम्रा भिंतीला टेकून बसली होती. रासिमची ही दुसरी बायको, त्याच्याहून बरीच लहान. गावानं तिला आधीच धारेवर धरलं होतं ते बहुधा तेवढ्याचसाठी.

"पुन्हा पहिल्यापासून सांग, वहिनी."

"किती वेळा तेच? नमाजहून आले. भेलकांडत आले. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटला. मला वाटलं, सणासुदीची घेऊन आले की काय कुठेतरी. मी काही बोलले नाही. सणाच्या दिवशी कशाला तोंड वाजवायचं?"

"मग?"

"जेझ्वा चुलीवरून नुकतीच उतरवली होती. त्यांनी उजव्या हातानं सरळ तिचं पोटच धरलं. मी ओरडले, अहो, फडकं घ्या! तर मला म्हणतात, कशाला, गारच तर आहे." तिनं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "हाताला टरटरून फोड आला, साहेब. त्यांना पत्ता नाही. मग घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर. माझ्याकडे असे बघायला लागले... आवाज पण घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. 'काय घातलंस यात? अर्धं तोंड मेलं माझं.' मग उचक्या. थांबेचनात."

अर्धं तोंड. हे विंकोनं पहिल्यांदा ऐकलं. बाजारानं वाक्याचा पहिलाच तुकडा उचलला होता.

"त्या आधी काही दुखत खुपत होतं?"

"छे. काही नाही."

"औषध उंदरांसाठीच होतं?"

"नाही, पाहुण्यांसाठी!" ती उसळली, आणि लगेच तिचा आवाज खाली आला. "चामिलला विचारा. भावाला. मशिदीत दोघं मांडीला मांडी लावून बसले होते. बापाच्या आलुबुखाराच्या बागेवरून वर्षभर भांडतायत. मीच का? मी परक्या गावची म्हणून?"

विंको उठला. ती मागून म्हणाली, "तुम्ही मला सोडलंत तरी काय होणार, साहेब? माझ्या हातची कॉफी कोण पिणार आता?"

या गावात दार उघडलं की आधी कॉफी, मग नाव-गाव. जिच्या हातची कॉफी कुणी पीत नाही, तिच्या घरी मग कुणीच जात नाही. विंकोनं कोठडीचं दार ओढून घेतलं.

३

चामिल चाउशेविच आपल्या खाटकाच्या दुकानात मेंढीचे फरे टांगत होता.

"आलात? मयत कधी देताय ते बोला. मुसलमानाला एवढे दिवस जमिनीवर ठेवतात?"

"मशिदीत तू त्याच्या शेजारी होतास."

"त्याच्या डाव्या हाताला. का? नमाजाच्या चटईत विष पेरलं म्हणता मी?" त्यानं सुरा लाकडावर आपटला. "ऐका, मी भांडलो. पण सणाचा दिवस म्हणून मुद्दाम शेजारी जाऊन बसलो होतो. म्हटलं, होऊ दे गोड. तर नमाज संपताना सलाम फिरवतात ना? आधी उजवीकडे मान, मग डावीकडे. उजवीकडे त्यानं व्यवस्थित फिरवली. डावीकडे मी. तर मान ताठ! नुसते खांदे जरा वळवले आणि डोळे मिटून घेतले. अल्लाच्या घरात सख्ख्या भावाचं तोंड बघवेना त्याला!"

बोलता बोलता चामिलचे डोळे भरले, आणि ते दिसू नये म्हणून तो फऱ्यांच्या मागे गेला. विंकोला मात्र त्या अश्रूंवर विश्वास ठेवावा की नाही ते ठरवता येईना. बाग आता कुणाची होणार, हे चामिलला नक्कीच ठाऊक होतं.

तिसरा संशयित होता रासिमच्या माडीवर भाड्यानं राहणारा नेनाद मास्तर. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, दिसायला बरा, आणि झुम्राच्याच वयाचा. बाजाराला एवढं पुरेसं होतं.

"माझ्या खोलीची झडती तुम्ही दोनदा घेतलीत," मास्तर म्हणाला. "काय सापडलं? पोरांच्या वह्या आणि मुळ्याचं लोणचं."

"रासिमला त्या सकाळी पाहिलंस?"

"जिन्याशी. मशिदीला निघाला होता. मी बायराम मुबारक म्हटलं. त्यानं काय करावं? मला डोळा मारला!"

"डोळा?"

"डावा. असा अर्धा मिटलेला, आणि नजर रोखून. म्हणजे काय, मला सगळं कळलंय म्हणून? अहो, कळण्यासारखं काही नव्हतंच! मी झुम्राबाईंशी मीठ-मिरचीपलीकडे कधी बोललो नाही. दिवसभर माझी पाचावर धारण बसली होती. आणि संध्याकाळी ऐकलं, तो इस्पितळात तडफडतोय."

मास्तर दार लावत होता. विंको जिन्यावरच थांबला. जिन्यावरची ही भेट मशिदीच्या आधीची. झुम्राच्या कॉफीच्या कितीतरी आधीची.

म्हणजे रासिम कॉफी पिण्यापूर्वीच मरायला लागला होता.

४

प्लावा वोदाच्या झऱ्याकाठी विंको चेवापीचे कबाब मागवून बसला, पण ताट तसंच राहिलं. पाण्याचा खळखळाट त्याला विचार करायला बरा पडायचा.

भाऊ म्हणतो, माझ्याकडे तोंड फिरवलं नाही. मास्तर म्हणतो, मला डोळा मारला. बायको म्हणते, माझ्यावर आळ घेतला. तिघांनी एकच चेहरा पाहिला आणि तिघांनी त्यात आपापला अपमान वाचला. कारण प्रत्येकाच्या मनात आधीच काही ना काही सलत होतं. पण त्या चेहऱ्याला कुणाला काही म्हणायचंच नसेल तर? मान डावीकडे वळत नाही. डावी पापणी वर जात नाही. चालताना तोल डावीकडे जातो. आणि चटका कळत नाही तो हात उजवा.

उजवा का? तिथंच त्याचं घोडं अडलं. तो तडक कचेरीत गेला आणि जिल्ह्याच्या इस्पितळात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर इफिगेनिया माजुरान यांना फोन लावला. बाई फटकळ होत्या, म्हणून सगळे त्यांना फोन करायचं टाळायचे.

"गाडी अर्ध्या तासात निघतेय, इन्स्पेक्टर. काय ते पटकन बोला."

विंकोनं सगळं सांगितलं.

"उचकी पण होती?" बाईंचा आवाज बदलला होता. "आणि आवाज घोगरा? हे मला कुणी सांगितलं का नाही? तुमच्या कागदावर फक्त 'संशयित विषप्रयोग' एवढंच लिहिलंय!"

"चुकलं आमचं. पण बाजू वेगवेगळ्या का, बाई? तोंड डावं आणि हात उजवा?"

"कारण तिथून वायरी तशाच जातात. मेंदू जिथं मणक्याला जोडलेला असतो ना, त्या देठात. डावा देठ बिघडला तर तोंड डावं बधिर होतं, आणि अंगाला गरम-गार कळेनासं होतं ते उजव्या. मेंदूचा मागचा खालचा भाग मऊ पडलेला मी पाहिला होता. रक्त पोचलं नव्हतं तिथं. मी लिहिलं, धमन्या कडक झाल्या असतील. मनातून पटलं नव्हतं. एरवी त्याच्या धमन्या पोरसवदा माणसासारख्या साफ होत्या."

"मग रक्त अडलं कुठे?"

"मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या चार. दोन गळ्याच्या पुढून, तुम्ही बोट लावता तिथं ठोके लागतात त्या. आणि दोन मागून. त्या मागच्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात, माळेच्या मण्यांतून दोरा ओवावा तशा. तिथं हाडं फोडल्याशिवाय कुणी बघत नाही. मीही पाहिलं नाही. त्याची मान दुखत होती का?"

"भाऊ म्हणतो, वळत नव्हती."

"भाऊ काय म्हणतो ते सोडा. घरात रात्री कोण होतं? तिला विचारा. तोवर गाडी मी अडवते. भाऊ बोंबलला तर बोंबलू दे."

विंको धावतच कोठडीशी गेला.

"वहिनी, आधी काही दुखत होतं का विचारलं तर नाही म्हणालीस. मान दुखत होती ना?"

"मान? हो. रात्रभर. डाव्या कानामागे, जाळ लागल्यासारखी. पण ते दुखणं थोडंच म्हणायचं? तो तर झोत होता, साहेब."

५

झोत! विंकोनं कपाळावर हात मारून घेतला. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून वारा गेला, की या देशात माणसाचे दात दुखतात, कान दुखतात, कंबर धरते. चालत्या गाडीत लोक उकडून मरतील पण दुसरी खिडकी उघडू देणार नाहीत. मान धरली तर ती झोतानंच धरणार. त्यात पोलिसाला सांगण्यासारखं काय?

"झोत आहे हे कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. बाहेरून ऐकून आले होते. मी लोकरीचं फडकं गरम करून बांधलं."

"बाहेरून कुठून?"

तिला माहीत नव्हतं. सणाच्या आदल्या संध्याकाळी माणसाला बाजारात शंभर कामं.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा बाहेर चामिल कचेरीच्या दारात आरडाओरडा करत होता. विंकोनं एका कानावर तळवा दाबून धरला.

"फाटलीय," बाई म्हणाल्या. "मागची डावी धमनी. मानेच्या अगदी वरच्या मणक्यापाशी, आतल्या अस्तराला चीर. तिथं रक्ताची गाठ जमली, आणि सकाळपर्यंत वर सरकत गेली. तरीही वाचला असता. एक बंद पडली तर तिची जोडीदारीण सांभाळून घेते. पण याची उजवी जन्मतःच दोऱ्याएवढी होती. हा आयुष्यभर एकट्या डावीवर जगत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. कुणालाच नसतं."

"आपोआप फाटली?"

"नाही वाटत मला. अशी चीर मान एकदम पिरगळली की पडते. जोरात, झटक्यानं."

विंकोच्या डोळ्यांसमोर चामिलचे खाटकाचे पंजे आले. दारात तोच ओरडत होता. "मारामारी झाली असेल? कुणी मागून धरलं?"

"मग खुणा राहिल्या असत्या. बोटांचे वळ, ओरखडे, काहीतरी. कातडीवर काहीच नाही, इन्स्पेक्टर. या माणसानं झटापट केलीच नाही. ज्यानं मान पिरगळली, त्याच्या हातात यानं ती आपण होऊन दिली होती."

विंकोचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. तिथं अजून लिंबाच्या अत्तरपाण्याचा वास होता.

६

तो आत शिरला तेव्हा हिल्मो एकटाच होता आणि वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावत होता.

"सकाळीच तर केली, साहेब!"

"पुन्हा कर."

विंको खुर्चीत बसला. हिल्मोनं खांदे उडवले, फेस चढवला, वस्तरा फिरवला. तोंड अर्थातच चालू होतं. बाई कबूल झाली का, मास्तर कधी आत जाणार. शेवटी अत्तरपाणी लावून त्यानं एक पंजा हनुवटीखाली नेला, दुसरा डोक्यामागे.

"मान राहू दे, उस्ताद," विंको आरशात बघत म्हणाला. "सणाच्या आदल्या दिवशी रासिम तुझ्याकडे आला होता ना?"

पंजे जिथल्या तिथं थांबले.

"गाव आलं होतं. रांग पार पुलापर्यंत होती."

"मान मोडलीस त्याची?"

"मोडली म्हणजे... सगळ्यांची मोडतो तशीच. वीस वर्षं मोडत आलोय. माझ्या बापानं शिकवली." हिल्मो वस्तरा पुसायला लागला. पुसलेलाच वस्तरा पुन्हा पुसत राहिला. "घाई होती. आणि नेमका चामिल दारात आला. रासिमनं त्याला बघून एकदम तिकडे हिसडा दिला, आणि माझे हात तेव्हा उलट्या बाजूला चालले होते. म्हणाला, कानामागे काहीतरी फाटलं रे. सगळे हसले. मीही हसलो."

"संध्याकाळी परत आला होता?"

हा बाण विंकोनं अंधारात सोडला होता, पण बरोबर लागला. हिल्मो बाकावर बसला. या दुकानात त्याला बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"आला होता. म्हटलं, झोत लागलाय, घरी जा, गरम बांध."

विंकोनं त्याला चार धमन्यांची गोष्ट सांगितली. हिल्मो आपल्या दोन्ही तळव्यांकडे परक्याचे असावेत तसा बघत राहिला.

"तुला एकदाही शंका आली नाही, उस्ताद?"

"दुसऱ्या दिवशी आली. तो गेल्याची बातमी आली तेव्हा. अशी आली आणि..." त्यानं तळवे गुडघ्यांवर पुसले. "तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, बायकोनं कॉफीत काहीतरी घातलं. मी ते धरलं, साहेब. दोन्ही हातांनी धरलं. जितकं जोरात बोलत होतो तितकं मला बरं वाटत होतं. आख्ख्या बाजाराला मीच सांगितलं ना ते? मीच."

विंकोला त्याचा राग आला, आणि दयाही आली. स्वतःचाही राग आला. सकाळी त्यानं तरी कुठं हिल्मोचं तोंड बंद केलं होतं?

"वकिलाला मला सगळं कळवावं लागेल. कायदा काय करायचं ते करील. पण झुम्राला आज सोडतोय मी," तो म्हणाला. "सुटली तरी तिच्या हातची कॉफी कोण पिणार, विचारतेय ती. त्याचं उत्तर माझ्या फायलीत नाही."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मशिदीच्या अंगणात जनाजा ठेवला. सगळा बाजार रांगा लावून उभा होता. झुम्रा सुटली हे सगळ्यांना कळलं होतं, आणि कुजबुज चालूच होती. वजन पडलं असेल. मास्तरनं काहीतरी फिरवलं असेल. न सापडणारं विष असतंच की.

इमामानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "या माणसाकडून तुमचं काही देणं-घेणं, काही दुखावणं राहिलं असेल, तर माफ करता का?"

"माफ," रांगा म्हणाल्या. चामिल सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला आणि ढसाढसा रडला.

"मी नाही म्हणत," मागून आवाज आला. हिल्मो पुढे येत होता. "मी कसा माफ करू? माफी मलाच मागायचीय त्याच्याकडे. मान मी मोडली त्याची, माझ्या खुर्चीत. त्यातच गेला तो. विष-बिष काही नव्हतं. मी बोललो ते खोटं होतं, आणि तुम्ही माझं ऐकून बोललात."

चामिल रागानं एक पाऊल पुढे आला. मग त्याचा हात नकळत आपल्या उजव्या खांद्याकडे गेला, जिथून भावानं त्याला सलाम केला नव्हता. करता आला नव्हता. तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

दफनानंतर हिल्मो सरळ चाउशेविचांच्या दारात गेला. विंको मागोमाग होता, आणि जरा अंतर राखून निम्मा बाजार. झुम्रा ओसरीवर बसली होती. तिच्या डोक्यावर पांढरं फडकं होतं. समोर चूल पेटलेली होती आणि शेजारी फिल्जान, कॉफीचे ते छोटे कप, उपडे घालून ठेवले होते. येणाऱ्यांसाठी तिनं सगळी तयारी केली होती, आणि सकाळपासून कुणी आलं नव्हतं.

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

"कॉफी," हिल्मो म्हणाला. "दिलीस तर."

तिनं जेझ्वा चुलीवर ठेवली. कॉफी वर आली, तिनं उतरवली, पुन्हा वर येऊ दिली, पुन्हा उतरवली. फाटकाशी गर्दी दाटली होती. झुम्रानं तिकडे एक नजर टाकली.

"फाटक लोटून घेऊ का, उस्ताद?" ती म्हणाली. "झोत येतोय. मान धरेल तुमची."

हिल्मोला तो घाव लागला आणि त्यानं तो तसाच घेतला.

"नको, वहिनी. फाटक उघडंच असू दे. त्यांना नीट दिसलं पाहिजे."

त्यानं फिल्जान दोन्ही हातांत धरला आणि फुंकर न घालता पहिला घोट घेतला. मग दुसरा. तळाच्या गाळापर्यंत सगळी संपवली, कप उलटा करून फाटकाकडे दाखवला आणि परत तिच्यापुढे धरला.

"अजून एक."

तिनं ओतली. या वेळी दोन थेंब ओसरीवर सांडले. विंको पुढे झाला, हिल्मोच्या शेजारी बसला आणि आपला कप सुलटा केला. फाटकाशी थोडी खळबळ झाली. मग चामिल गर्दीतून वाट काढत आत आला आणि ओसरीवर भाऊ बसायचा त्या रिकाम्या जागेच्या डाव्या बाजूला बसला.

झुम्रानं जेझ्वेत वाकून पाहिलं. कॉफी पुरणार नव्हती. ती उठली आणि मोठी जेझ्वा आणायला आत गेली.